लेकराचे भेव कसे जाते?

मंडळी, पोळ्याच्या दिवशी अमरावती-अकोल्याकडच्या गावांत हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. शिंगे रंगवलेला, झूल घातलेला बैल दारी येतो, आई ओवाळायला पुढे होते आणि तिच्या पदराआडचे लेकरू आकांत मांडते. कोणी हसते. कोणी त्याला उचलून थेट बैलाच्या पाठीवर बसवते. माझ्या पाहण्यात तरी अशाने भेव वाढतेच.

भीती शिकवता येते, हे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी दाखवले. त्यांचा लेख १९२० साली निघाला. अल्बर्ट नावाचे तान्हे मूल पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. मग ते अकरा महिन्यांचे असताना, उंदीर पुढे आला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा, असे सात वेळा केले. पुढे नुसता उंदीर दिसला तरी पोर रडे. सशालाही भिऊ लागले. ती भीती काढायची मात्र राहूनच गेली! शास्त्रापायी लेकराला असे रडवणे मला पटत नाही. आजचे नियम ते करूही देणार नाहीत.

मेरी कव्हर जोन्स या बाईंनी वॉटसनचे व्याख्यान ऐकले होते. त्यांनी उलटा प्रश्न घेतला: बसलेली भीती काढता येईल काय? त्यांचा पीटर तीन वर्षांचाही नव्हता. सशाला भारी भिई. प्रथम सशाला न भिणारी मुले त्याच्यासोबत खेळायला ठेवली. पीटर सुधारला. मध्येच तो आजारी पडला आणि इस्पितळातून निघताना मोठा कुत्रा त्याच्यावर झेपावला. सारे मुसळ केरात! मग बाईंनी नवी रीत धरली. पीटर आवडीचा खाऊ खात असे, तेव्हा पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. घाई केली तर खाऊचीच भीती बसेल, हे त्या जाणून होत्या. शेवटी ससा बोटे कुरतडू लागला तरी पीटर भीत नसे. हे १९२४ साली प्रसिद्ध झाले.

गुरुजींनी ध्यानात घ्यावे असे आणखी एक: समजूत घालणे आणि थट्टा करणे हेही उपाय बाईंनी इतर मुलांवर करून पाहिले; त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी मोठ्या माणसांसाठी अशीच पायरीपायरीची रीत बसवली. त्यांचा ग्रंथ १९५८चा.

तान्ह्या पोळ्याला हेच लेकरू लाकडी बैल दोरीने ओढत मिरवते. खरा बैल दारी येईल तेव्हा त्याला अंगणाच्या पार टोकाला, न भिणाऱ्या थोरल्या भावाजवळ बसवा, हाती पुरणपोळी द्या, आणि बैल किती जवळ येऊ द्यायचा ते त्यालाच ठरवू द्या.