आणलेल्या कळा आणि बाळंतिणीची भीति

दिवस भरून गेले, सांगितलेली तारीख उलटली, तरी कळांचा पत्ता नाहीं. तालुक्याच्या गांवीं डॉक्टरीणबाई पोट तपासतात, रक्तदाब पाहतात आणि म्हणतात, "उद्यां सकाळीं भरती व्हा, कळा आणाव्या लागतील." हें एवढेंच वाक्य कानीं पडलेली पहिलटकरीण घरीं परत येते, आणि त्या रात्रीं तिच्या डोळ्यास डोळा लागत नाहीं. आपोआप येणाऱ्या कळांपेक्षां ह्या कळा अधिक दुखतील काय? बाळाच्या जीवास अपाय होईल काय? एवढें करूनहि सुटका झाली नाहीं, तर शेवटीं पोटावर शस्त्र चालवावें लागेल काय? शेजारच्या बायका धीर देण्यास म्हणून येतात आणि कोणाच्या तरी नणंदेची भयकथा सांगून जातात. अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे त्या जिल्ह्यांत, पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत कोणत्याहि गांवीं ही रात्र अपरिचित नाहीं. ह्या भीतीस हंसून उडवून लावणें सोपें आहे. पण ती कोठून आली आणि कशानें ओसरते, हें पाहावयाचें तर थोडा इतिहास चाळावा लागतो.

बाळंतपण घरींच होण्याच्या काळीं दिवसांचा हिशेब सणावारांवरून होत असे. पोळ्याच्या सुमारास पाळी चुकली, म्हणजे वैशाखांत सुटका, असें घरांतील म्हातारी बोटें मोजून सांगे. आठ-पंधरा दिवस मागेंपुढें झाले, तरी त्याचें कोणास कांहीं वाटत नसे. कारण मोजणेंच अंदाजाचें होतें. फार लांबलें तर थोडें एरंडेल पोटांत जाई, अंगणांत चार येरझारा होत. कळा खात्रीनें आणण्याचा उपाय सुईणीपाशीं नव्हता. तिच्यापाशीं होता तो ओळखीचा आवाज, पाठीवर फिरणारा हात आणि रात्रभर उशाशीं बसण्याची तयारी. ह्या काळाचे गोडवे गाण्याचें मात्र कारण नाहीं. मूल आडवें आलें, झटके आले किंवा रक्तस्राव थांबेना, म्हणजे त्या मायेच्या हातांस कांहींच करतां येत नसे, आणि कित्येक घरांतून आई व मूल दोघेंहि जात.

कळा मुद्दाम आणाव्या, हा विचार पाश्चात्य वैद्यकांत उघडपणें मांडला गेला तो अठराव्या शतकांत. मुडदुसानें कंबरेचें हाड आकसलेल्या स्त्रियांस पूर्ण वाढलेलें मूल प्रसवणें अशक्य होई. अशा स्त्रियांची प्रसूति दिवस भरण्यापूर्वींच करवावी काय, ह्या प्रश्नावर १७५६ च्या सुमारास लंडनमधील नामांकित वैद्य एकत्र जमले. हें कृत्य हितकर आहे काय, एवढाच त्यांच्यापुढें प्रश्न नव्हता. तें धर्म्य आहे काय, हेंहि त्यांनीं विचारांत घेतलें, आणि नंतर त्यास संमति दिली. उपाय होता पाणमोट फोडण्याचा. निसर्गाच्या वेळेंत हात घालण्याचा आपल्यास अधिकार आहे काय, ही शंका आजच्या खेड्यांतील सासूच्या तोंडीं आली म्हणजे तीस अडाणी म्हणण्याची रीत आहे. पण तीच शंका त्या विद्वानांनाहि पडली होती.

पुढचें मोठें पाऊल पडलें तें प्रयोगशाळेंत. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी एक ग्रंथि असते. बैलाच्या ह्या ग्रंथीचा अर्क गाभण मांजरीच्या गर्भाशयास आकुंचन आणतो, असें हेन्री डेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं दाखविलें. लवकरच, १९०९ नंतर, तो अर्क प्रसूतिगृहांत आला. वैद्यांना आनंद झाला, पण तो फार दिवस निर्भेळ राहिला नाहीं. सुईनें एकदां टोंचलेला अर्क परत काढून घेतां येत नसे. मात्रा अधिक झाली, म्हणजे कळेवर कळ येई, मधली विश्रांति नाहींशी होई, बाळास प्राणवायु अपुरा पडे, आणि क्वचित् गर्भाशयच फाटे. "कळांच्या इंजेक्शना"विषयीं जी धास्ती लोकांच्या मनांत बसली, तिला ही अशी जागा होती.

ही धास्ती आपल्याकडे आणखी एका कारणानें टिकली. ह्या अर्कांतील मुख्य द्रव्य ऑक्सिटोसिन. कळा आणणें हें जसें त्याचें काम, तसेंच आईचा पान्हा सोडविणें हेंहि त्याचेंच काम. त्यामुळें तें गोठ्यांतहि पोहोंचलें; म्हैस पान्हा सोडीना, कीं तिला हीच सुई टोंचण्याची वाईट चाल पडली. ज्यांस वैद्यकाचें शिक्षण नाहीं अशा माणसांनीं घरच्या घरीं बाळंतिणीस तीच सुई देऊन घाई केल्याचे प्रकारहि हिंदुस्थानांत अनेक ठिकाणीं आढळून आले. म्हशीची सुई सुनेस नको, असें एखादी आजी म्हणाली, तर ती अगदींच चुकत नाहीं. मात्र चूक द्रव्याची नसते. ती मात्रेची आणि देणाऱ्या हाताची असते.

ही मात्रा आवरण्याची युक्ति १९४८ सालीं थिओबाल्ड नांवाच्या इंग्रज प्रसूतिवैद्यानें पुढें मांडली. त्यानें तो अर्क पुष्कळ पातळ करून शिरेवाटे थेंबाथेंबानें देण्यास सांगितलें. १९५३ सालीं अमेरिकेंत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो ह्यांनीं ऑक्सिटोसिनची रचना उलगडून तें प्रयोगशाळेंत तयार केलें. १९५५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आतां प्राण्याच्या ग्रंथीवर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं, आणि मात्रा नेमकी मोजतां येऊं लागली. रुग्णालयांत बाटलीखालीं जी लहानशी चकती परिचारिका फिरवितांना दिसते, तिच्यांत ह्या साऱ्या शोधाचें सार आहे. कळा फार जोराच्या झाल्या, कीं थेंब कमी करतां येतात किंवा बंद करतां येतात. आणि रक्तांतील ऑक्सिटोसिन कांहीं मिनिटांतच ओसरूं लागतें. कळा आणणाऱ्या हातांत आतां लगाम आला, ही गोष्ट घाबरलेल्या स्त्रीस कोणी तरी समजावून सांगावयास हवी. अशा कळा अधिक तीव्र वाटतात, असें पुष्कळ बाळंतिणी सांगतात, तेंहि लपवूं नये. वेदना कमी करण्याचे उपाय मागण्याचा अधिकार तिला आहे, हेंहि त्याबरोबरच सांगावें.

कच्चें फळ हिसडून तोडूं नये, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. गर्भाशयाच्या मुखाचेंहि तसेंच आहे. तें मऊ झालें आहे काय, उघडूं लागलें आहे काय, ह्याचे गुण मांडण्याची पद्धति बिशप ह्या अमेरिकन वैद्यानें १९६४ सालीं घालून दिली. मुख कच्चें असेल, तर तें आधीं पिकवावें लागतें. त्यासाठीं १९६७ पासून फोली नांवाची रबरी नळी उपयोगांत आली. ती मुखांतून आंत सरकवून तिच्या टोंकाचा फुगा पाण्यानें फुगवितात, आणि त्याच्या दाबानें मुख हळूहळू सैल होतें. पुढें मूळ जठरव्रणासाठीं निघालेली मिसोप्रोस्टॉलची गोळी अत्यल्प मात्रेंत ह्या कामीं उपयोगी पडली. पहिलटकरणीस ह्या पिकविण्यांतच कधीं कधीं पुरता दिवस लागतो. आधीं सांगितलेलें नसलें, म्हणजे तिला वाटतें कीं कांहीं तरी बिघडलें; सांगितलेलें असलें, म्हणजे ती वाट पाहूं शकते.

ह्या दोन उपायांची तुलना महाराष्ट्रांतच, नागपुरास झाली. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व डागा स्मृति स्त्री रुग्णालय येथें २०१३ ते २०१५ ह्या काळांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींचा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांस दर दोन तासांनीं २५ मायक्रोग्रॅमची गोळी, तर निम्म्यांस फोलीची नळी, अशी वांटणी होती. चोवीस तासांच्या आंत नैसर्गिक मार्गानें सुटका झालेल्यांचें प्रमाण गोळीच्या गटांत शेंकडा ५७ व नळीच्या गटांत शेंकडा ४७ आढळलें. कळा मर्यादेपलीकडे वाढण्याचा जो प्रकार सर्वांत भीतिदायक, तो पहिल्या गटांत दोघींस व दुसऱ्या गटांत एकीसच झाला. २०१७ सालीं हा अभ्यास 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मऱ्हाटी मुलखांतील गरीब स्त्रियांनीं जगास दिलेलें हें ज्ञान आहे.

कळा कां आणतात, ह्याचें उत्तर ह्याच अभ्यासांत आहे. रक्तदाब चढत गेला, म्हणजे झटक्यांचें भय असतें, आणि त्यावर खरा उपाय प्रसूति हाच असतो. कधीं पाणी फुटून बराच वेळ झालेला असतो व कळा आलेल्या नसतात. कधीं ४१ आठवडे निश्चित पूर्ण झालेले असतात, आणि त्यापुढें वाट पाहण्यांत बाळास धोका वाढत जातो. येथें 'निश्चित' हा शब्द महत्त्वाचा आहे. तारीख सणावरून मोजलेली असेल, तर मूळ हिशेबच चुकलेला असूं शकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील तपासणीचा कागद जपून ठेवावा. "कळा आणल्या, म्हणजे पोट फाडणें आलेंच," ही समजूतहि तपासून पाहिली गेली आहे. अमेरिकेंत ६,१०६ निरोगी पहिलटकरणींचा जो अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत ३९ व्या आठवड्यांत कळा आणलेल्यांपैकीं शेंकडा १८.६ स्त्रियांवर शस्त्रक्रिया करावी लागली. वाट पाहणाऱ्यांत हेंच प्रमाण २२.२ होतें. तेथील व्यवस्था आपल्याकडे सर्वत्र नाहीं, हें खरें. तरी कळा आणल्यामुळेंच शस्त्रक्रिया होते, असें म्हणण्यास आधार उरत नाहीं.

असें असूनहि भीति राहते. कारण आंकडे डॉक्टरांपाशीं असतात आणि भीति बाळंतिणीपाशीं असते. भीतीनें अंग आखडतें, आखडल्यानें वेदना वाढते, आणि वाढलेली वेदना पुन्हां भीतीस जन्म देते, असें ग्रँटली डिक-रीड हे इंग्रज वैद्य १९३३ पासून सांगत होते. ही सांखळी तोडावयाची कोणी? ह्या प्रश्नाचें एक उत्तर नगर जिल्ह्याच्याच मातींत मिळालें आहे.

ज्या जामखेड तालुक्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं अहिल्याबाईंचा जन्म झाला, त्याच अवर्षणग्रस्त तालुक्यांत १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. पुढें १९७९ सालीं दोघांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पण आरंभ सोपा नव्हता. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका गांवोगांवीं ठेवून पाहिल्या. त्यांचें ज्ञान खोटें नव्हतें. परंतु त्या परक्या होत्या, आणि गांवच्या बाया आपलें पोटांतलें दुःख त्यांच्याजवळ उघड करीनात. तेव्हां दांपत्यानें गांवांसच आपल्यांतील एक बाई निवडण्यास सांगितलें. निवडलेल्यांपैकीं पुष्कळजणी निरक्षर होत्या; कित्येक दलित होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, शिकत, आणि परत जाऊन शिकलेलें गांवास सांगत. गर्भवतीचें पोट कसें तपासावें, धोक्याचीं चिन्हें कोणतीं, कोणती बाळंतीण घरीं सोडवावी आणि कोणतीस विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें, हें त्या ओळखूं लागल्या. १९७१ सालीं त्या भागांत हजारीं १७६ अर्भकें दगावत. १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली. अन्न, पाणी, लसी अशीं अनेक कारणें ह्यामागें आहेत. पण तीं घरांत शिरलीं तीं ह्या बायांच्या तोंडून.

जामखेडचा मूळ प्रश्न आणलेल्या कळांचा नव्हता. तरी त्याचा धडा येथें तंतोतंत लागू पडतो. एकच गोष्ट परक्यानें सांगितली तर हुकूम वाटते, आपल्या माणसानें सांगितली तर सल्ला वाटते. २००५ सालीं जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या आल्या, आणि बाळंतपण घरांतून रुग्णालयांत गेलें. पूर्वीं डॉक्टर वेळेवर मिळणार नाहीं ही भीति होती; आतां डॉक्टर काय करील, ही भीति आहे. पहिलीस रस्ता व मोटार हें उत्तर होतें. दुसरीस संवाद हेंच उत्तर आहे. म्हणूनच २०१६ सालीं केंद्र सरकारनें सरकारी रुग्णालयांतील प्रसूतिकक्षांत बाळंतिणीजवळ एका ओळखीच्या स्त्रीस बसूं देण्याचें धोरण स्वीकारलें. कोणी सोबतीस असलें, तर कळांचा काळ थोडा आंखडतो व शस्त्रक्रियेचें प्रमाणहि कांहींसें घटतें, असें अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आलें आहे. सुईणीच्या काळीं जें होतें आणि रुग्णालयांत जातांना जें हरवलें, तेंच हें परत आणणें होय.

तेव्हां त्या झोप न येणाऱ्या रात्रीं घरच्यांनीं करावयाचें काय? भयकथा बंद कराव्या, आणि सकाळीं विचारावयाचे चार प्रश्न ठरवावे. कळा आणण्याचें कारण काय? गोळी, नळी कीं सलाईन, आणि आधीं काय होणार? किती वेळ लागेल, आणि नाहींच जमलें तर पुढें काय? तिच्याजवळ कोण बसूं शकेल? पूर्वीं शस्त्रक्रियेनें बाळंतपण झालें असेल, तर तें आवर्जून सांगावें. कारण कांहीं औषधें अशा स्त्रीस चालत नाहींत. हे प्रश्न विचारणें म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. विश्वास बसतो, तो उत्तरें मिळाल्यावरच.

जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ १९८८ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेंत बोलावयास उभ्या राहिल्या होत्या. सभागृहांत वर झगमगणारीं झुंबरें होतीं. डॉक्टर त्या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मग त्यांनीं एक साधा दिवा दाखविला. हा स्वस्त असतो, खोपटांतहि जळतो, आणि आपल्या ज्योतीनें दुसरा दिवा लावूं शकतो. तें झुंबरास साधत नाहीं. प्रसूतिगृहांत झुंबराची गरज आहेच. त्याच्या उजेडावांचून पूर्वीं किती घरें अंधारलीं, हें इतिहास सांगतो. पण उद्यां सकाळीं भरती होणाऱ्या मुलीची आजची रात्र उजळावयाची असेल, तर तिच्या उशाशीं दिवाच लागतो.