वादळाचे नाव : हवामानशास्त्राच्या परिभाषेचा एक ऐतिहासिक विचार

संस्कृतातील ‘वार्दल’ या शब्दाचे दोन वंशज आज आपल्या परिचयाचे आहेत. हिंदीत त्याचे ‘बादल’ झाले व त्याचा अर्थ मेघ असा स्थिरावला. मराठीत त्याचे ‘वादळ’ झाले व त्याचा अर्थ झंझावात असा ठरला. मुळात पावसाळी, कुंद दिवस असा अर्थ सांगणाऱ्या एका शब्दातून एका भाषेने आकाशातील वस्तू उचलली, तर दुसरीने तिचा कोप उचलला. लोकभाषेत असे अर्थांतर सावकाश, कोणी न ठरविता घडते. शास्त्राच्या परिभाषेत मात्र कोणीतरी एक व्यक्ती, एका विशिष्ट वर्षी, एक शब्द निवडते. आणि आपल्याला किती कळले आहे याचा निर्णय त्या निवडीत अनुस्यूत असतो. हवामानशास्त्राच्या इतिहासात या निर्णयांचे परिणाम केवळ कोशांपुरते राहिले नाहीत, ते माणसांच्या प्राणांपर्यंत पोचले. त्यांपैकी तीन प्रसंगांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभी वादळाच्या इंधनाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. हवेतील बाष्प डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते मोजण्याचे साधन हाती येईपर्यंत ‘आर्द्रता’ ही केवळ त्वचेला जाणवणारी गोष्ट होती. सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली मानवी केसाच्या लांबीत होणाऱ्या फरकावर आधारलेल्या आर्द्रतामापकाचे विवेचन प्रसिद्ध केले. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पुढे असे स्पष्ट झाले की, बाष्प सामावण्याची मर्यादा तपमानाप्रमाणे झपाट्याने वाढते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर जागेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे २० अंशांना पूर्ण संपृक्त असलेली हवा तितक्याच बाष्पासह ३० अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता शंभरावरून सुमारे ५७ टक्क्यांवर येते. उलट अशी हवा वर चढून थंड झाली की बाष्पाचे जलबिंदू बनतात आणि दर ग्रॅममागे जवळजवळ ६०० कॅलरी उष्णता मुक्त होते. वादळाला लागणारी शक्ती प्रामुख्याने या उष्णतेतून येते, हे अमेरिकेतील जेम्स एस्पी याने १८४१ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने प्रतिपादिले.

याच एस्पीचा एका वादात मोठा भाग होता. वादळातील वारा सर्व बाजूंनी मध्याकडे धाव घेतो, असे त्याचे मत. विल्यम रेडफील्ड याने मात्र कनेक्टिकट प्रांतात १८२१ च्या वादळानंतर उन्मळून पडलेल्या वृक्षांच्या दिशा पाहून, वारा मध्याभोवती फिरतो असा निष्कर्ष काढला होता व १८३१ साली तो प्रसिद्ध केला होता. उभयपक्षी बरीच कटुता आली. आज आपण जाणतो की, सत्याचा अंश दोघांकडेही होता. वारा फिरत फिरत आत शिरतो.

हा वाद धगधगत असता कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन हा गृहस्थ बंगालच्या उपसागरातील वादळांच्या नोंदी गोळा करीत होता. पूर्वी तो व्यापारी जहाजावर कप्तान होता. खलाश्यांसाठी लिहिलेल्या आणि १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने ‘सायक्लोन’ हा शब्द सुचविला. ग्रीक शब्दावरून तो घडविताना त्याने सर्पाच्या वेटोळ्याची उपमा दिली. शब्दाने वर्तुळाकार गतीकडे असलेला कल सूचित व्हावा, पण ती गती नेमके वर्तुळच आहे असे विधान होऊ नये, हा त्याचा हेतू होता. परिभाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून पाहावे. जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगणारा आणि उरलेल्यासाठी जागा मोकळी ठेवणारा असा शब्द क्वचितच घडतो.

शब्दाबाबत इतका सावध असलेला हा मनुष्य इशाऱ्याबाबत मात्र निःशंक होता. मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा बेत पुढे आला, तेव्हा १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसी यास प्रकट पत्र लिहून त्याने सांगितले की, वादळाबरोबर उसळणारे समुद्राचे पाणी या जागेचा केव्हातरी घास घेईल. पत्राचा उपयोग झाला नाही. कॅनिंग बंदर उभे राहिले. पिडिंग्टन १८५८ साली निवर्तला आणि १८६७ च्या नोव्हेंबरातील वादळाने त्या बंदराची वाताहत केली. तत्पूर्वी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्यावर आलेल्या वादळात सुमारे ६०,००० माणसे मेली असे मानले जाते. या व अशा आपत्तींच्या आघातानंतर १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. १९२८ ते १९४४ या काळात त्याचे मुख्य कार्यालय पुण्यास होते.

दुसरा प्रसंग नॉर्वेतील बर्गन येथील. पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता. तथापि परदेशांतून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद झाल्या आणि धान्याची टंचाई पडली. शेतकरी व कोळी यांना अंदाज मिळावेत म्हणून विल्हेल्म ब्येर्क्नेस यांनी १९१८ साली पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षणकेंद्रांचे दाट जाळे विणले. त्या दाट नोंदींतून असे दिसून आले की, उष्ण व थंड हवेच्या राशी सहजी मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक तिरकी, धारदार सीमा असते व पाऊस तिच्या आश्रयाने पडतो. विल्हेल्म यांचे पुत्र याकोब यांनी १९१९ च्या आपल्या निबंधात या सीमांना ‘सुकाणूची रेषा’ व ‘झंझारेषा’ अशा अर्थाची नावे दिली होती. ती टिकली नाहीत. लवकरच त्यांच्या जागी ‘फ्रंट’ हा शब्द रूढ झाला. नुकत्याच संपलेल्या युद्धातील रणरेषा तेव्हा सर्वांच्या मनात ताजी होती. दोन सैन्यांप्रमाणे दोन वायुराशी एकमेकींना रेटतात, ही प्रतिमा शब्दाने एका क्षणात उभी केली.

मराठीत या शब्दासाठी ‘आघाडी’ व ‘सीमापृष्ठ’ असे दोन पर्याय आढळतात. पहिल्यात गती व संघर्ष आहे, पण ती नकाशावरील रेषा वाटते. दुसऱ्यात भूमिती आहे, कारण वस्तुतः ते उंच चढत गेलेले उतरते पृष्ठ असते, पण त्यातील रेटा लोपतो. शिवाय ही कल्पना समशीतोष्ण कटिबंधातील आहे. आपल्याकडील चक्रीवादळाच्या पोटी अशा सीमा नसतात. ते उष्ण समुद्राच्या बाष्पावर पोसले जाते. शब्द उसना घेताना त्याची जन्मभूमी विसरली, तर विद्यार्थ्याच्या मनात कोकणच्या वादळाचे नॉर्वेजियन चित्र उमटते.

तिसरा प्रसंग नाव न घेण्याचा आहे. ‘टॉर्नेडो’ हा शब्द मेघगर्जनेच्या वादळाला स्पॅनिशमध्ये म्हणतात त्या ‘त्रोनादा’चे विकृत रूप असून, ‘वळणे’ या अर्थाच्या धातूने त्याला हे वळण दिले असावे. अमेरिकेत सैन्याच्या सिग्नल विभागातील जॉन फिनली यांनी १८८० नंतरच्या दशकात टॉर्नेडोचे अंदाज वर्तविण्याचे प्रयोग केले. परंतु त्याच दशकात अंदाजपत्रकांत हा शब्द वापरण्यास मनाई झाली. अंदाज चुकतो, आणि शब्दाने होणारी घबराट वादळापेक्षा वाईट, अशी धारणा त्यामागे होती. ही मनाई १९३८ पर्यंत टिकली. १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन राज्यांतून गेलेल्या टॉर्नेडोने ६९५ बळी घेतले. त्या दिवशीच्या अंदाजात तो शब्द नव्हता. केवळ शब्द असता तर ते सर्व वाचले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण शास्त्रही तेव्हा अपुरे होते. पण ज्या घटनेचे नावच उच्चारावयाचे नाही, तिचे शास्त्र वाढणार कसे?

२० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर अकस्मात टॉर्नेडो आला. पाचच दिवसांनी फॉबुश व मिलर या दोन वायुदल अधिकाऱ्यांना नकाशावर तशीच रचना दिसली : खाली मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट हवा, वर कोरडी हवा, आणि पश्चिमेकडून सरकणारी शीत आघाडी. त्यांनी धीर करून तो शब्द लिहिला. विमाने हलविली गेली. सायंकाळी टॉर्नेडो खरोखरच आला. मनुष्यहानी झाली नाही. १९५० साली अमेरिकेच्या हवामान खात्यानेही आपल्या केंद्रांना हा अंदाज वर्तविण्यास मोकळीक असल्याचे परिपत्रकाने कळविले. आर्द्रता, आघाडी व झंझावात यांची मांडणी त्या दिवशी एका नकाशावर एकत्र आली; परंतु ती लोकांपर्यंत पोचली ती नावाच्या द्वारेच.

आपल्याकडे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा इशारा अगोदर दिलेला होता आणि तो मराठीतही होता. ‘चक्रीवादळ’ ही संज्ञा वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाल्यावरच लागू होते. ऐकणाऱ्या कोळ्याला मात्र ‘चक्र’ ऐकू येते, वेग ऐकू येत नाही. पिडिंग्टनचे वेटोळे ‘चक्रा’पेक्षा आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतील ‘आवर्त’ या शब्दात अधिक नेमके उतरले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पण रूढ झालेला, ऐकताच नाव किनाऱ्याला ओढावयास लावणारा शब्द केवळ व्युत्पत्तीसाठी बदलू नये. परिभाषा घडविणाऱ्यांनी या इतिहासातून घ्यावयाचा बोध इतकाच की, शब्दाने जाणिवेपेक्षा अधिक सांगू नये, आणि जे जाणले आहे ते भीतीपोटी लपवूही नये.