गेलेले तिघे आणि मागे राहिलेले



स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून दे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. इतिहास फक्त वाचनापुरता. पण १९७१ च्या युद्धातली एक गोष्ट गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून आहे. ती वैमानिकांची आहे, तुरुंगाची आहे आणि शेवटी शेतीचीही आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या तुकडीला ती सांगावी असे वाटले, त्याचे कारण पुढे येईलच.

दिलीप परुळकर हे भारतीय हवाई दलातले मराठी वैमानिक. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला गोळी लागली, उजवा हात जखमी झाला, तरी विमान सोडून उडी न मारता ते त्यांनी परत आणले. पुढे, शत्रूच्या हाती सापडलो तर पळून येईन, असे ते सहकाऱ्यांना बोलून दाखवत. १० डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ विमानातून हल्ला करताना ते पाडले गेले आणि युद्धकैदी झाले. आता बोललेले खरे करून दाखवायचे होते.

रावळपिंडीच्या छावणीत आपल्या हवाई दलाचे डझनभर अधिकारी होते. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. नव्वद हजारांहून अधिक पाकिस्तानी युद्धकैदी आपल्याकडे आले. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी कैद्यांची सुटका कधी, हे कुणालाच सांगता येत नव्हते. परुळकरांनी बेत आखला. त्यांच्यासोबत जायला दोघे तयार झाले : मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. जिनिव्हा कराराप्रमाणे पळून जाताना पकडलेल्या युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, तीही तीस दिवसांपेक्षा जास्त नाही. पण हे झाले कागदावर. अंधारात पहारेकऱ्याच्या बंदुकीसमोर कराराचा कागद कोण काढून दाखवणार?

तयारीला काही महिने लागले. पाच नंबरच्या कोठडीची मागची भिंत हाताला येईल त्या साध्या हत्यारांनी थोडी थोडी पोखरायची, निघालेली माती-विटा खोलीतच लपवायच्या आणि दिवसा काही घडलेच नाही असे वागायचे. कराराप्रमाणे कैदी अधिकाऱ्यांना दरमहा थोडा भत्ता मिळे, त्यातून पैसे साठवले. वैमानिक जो जी-सूट घालतात, त्याच्या रबरी पिशव्या पाणी नेण्यासाठी कामाला आल्या.

या सगळ्यात मला सर्वांत भावलेले माणूस म्हणजे कामत. विमानातून उडी मारताना त्यांचे दोन्ही पाय मोडले होते. आपल्याला जाता येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही सुयांना चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार केले ते त्यांनीच. स्वतः ज्या वाटेने जायचे नाही, त्या वाटेची दिशा दुसऱ्यासाठी काढून ठेवायची!

बाकीच्यांचेही तसेच. कुणी पहाऱ्यावर नजर ठेवली, कुणी तोंड बंद ठेवले. तिघे गेल्यानंतर सकाळी चौकशीला तोंड कोण देणार, सवलती कुणाच्या जाणार, हे प्रत्येकाला कळत होते.

१२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळ आले. धूळ आणि पाऊस सुरू झाल्यावर पहारेकरी आडोशाला गेले. मध्यरात्रीनंतर तिघे भोकातून बाहेर पडले. बसने पेशावर गाठले, तिथून जमरूद आणि मग खैबर खिंडीतून लंडी कोतल. सकाळ उजाडून थोडाच वेळ झाला होता आणि अफगाणिस्तानची हद्द चार-पाच मैलांवर आली होती.

इथे घात झाला. त्यांच्या माहितीप्रमाणे पुढचे ठिकाण लंडी खाना. खैबर रेल्वे १९२६ मध्ये तिथपर्यंत पोहोचली होती, पण १९३२ मध्येच ते स्टेशन बंद पडले. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या ठिकाणाची वाट विचारणारे हे परके लोक कोण, असा संशय तहसीलदाराच्या कारकुनाला आला आणि तिघे पकडले गेले. आमच्या कामात रोज हेच दिसते : प्रोग्रॅम चोख असतो, पण आत भरलेली माहिती जुनी असली की सगळे फसते.

टोळीवाल्यांच्या मुलखात हेर म्हणून सापडणे म्हणजे जिवाशी खेळ. परुळकरांचे डोके शांत राहिले. आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचे लोक आहोत, असे सांगत त्यांनी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावायला लावला. उस्मान हे पूर्वी याच छावणीचे प्रमुख आणि तेव्हा पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी होते. फोनवर त्यांना सगळा उलगडा झाला. त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला सांगितले की ही आमची माणसे आहेत, त्यांना ताब्यात ठेवा, पण केसालाही धक्का लावू नका. शत्रूच्या गणवेशातल्या त्या माणसामुळे तिघे वाचले.

त्यांना एकांतवासाची शिक्षा झाली. पुढे कैद्यांना लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, तुरुंगात हलवले. १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे वाघा सीमेवरून मायदेशी आले, गेलेलेही आणि राहिलेलेही. परुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ही सुटका पुन्हा आठवली.

आणि ग्रेवाल? हवाई दल सोडल्यावर हा लढाऊ वैमानिक उत्तर प्रदेशच्या तराईत शेती करू लागला. तराई म्हणजे हिमालयाच्या पायथ्याची ओलसर, एके काळी जंगलाने आणि हिवतापाने भरलेली जमीन. स्वातंत्र्यानंतर ती साफ करून लागवडीखाली आणली गेली. सुटकेची ती एक रात्र पुस्तकात आणि चित्रपटात गेली. त्यानंतरच्या पेरण्या आणि कापण्या कुठेच नोंदल्या गेल्या नाहीत.

हे सारे तुम्हालाच का सांगावेसे वाटले, ते आता सांगते. आपल्या तुकडीतही गेलेले आणि राहिलेले आहेत. मलकापूरला गाडी पकडून पुण्या-मुंबईला, तिथून परदेशात गेलेले आमच्यासारखे काही. आणि बाकीचे इथेच पऱ्हाटी, सोयाबीन, तूर करत राहिले. पावसाने दगा दिला तरी आणि भाव पडला तरी. कार्यक्रमात ओळख करून देताना आमच्या नावापुढे कंपनी आणि शहर लागते. त्यांची ओळख "हा गावीच असतो" एवढ्यात आटोपते.

माझ्या इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी घरच्या कापसावर भरली गेली. तो कापूस पिकवायला माझा दादा मागे राहिला. मार्क त्याचेही काही कमी नव्हते. पण दोघांपैकी एकालाच बाहेर पाठवणे परवडणार होते आणि त्याने मला पाठवले. माझ्या प्रवासाचे होकायंत्र त्याने केले, हे कामतांची गोष्ट वाचेपर्यंत मला इतक्या नेमक्या शब्दांत सांगता आले नव्हते.

म्हणून संपादक मंडळाला एक विनंती. स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी येईल, तेव्हा जे शेती करतात त्यांच्या नावापुढची व्यवसायाची जागा कोरी सोडू नका. तिथे "शेतकरी" असे स्पष्ट लिहा, गावाच्या नावासकट. आणि स्नेहमेळाव्यात बोलण्यासाठी पहिली पाच मिनिटे त्यांच्यापैकी कुणाला तरी द्या. आम्ही गेलेले ऐकायला बसू.