पकडलेल्यांच्या यादीत नाव होतं, परतलेल्यांच्या यादीत नव्हतं : फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांची गोष्ट

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. तिथून रहिमतपूर-कोरेगावकडं जा नाहीतर खाली सांगलीकडं, ज्या घरातला एकतरी माणूस फौजेत आहे अशी कितीतरी घरं सापडतील.

अशा घरांना लढाईचे दोन निकाल माहीत असायचे. एक तर माणूस सुट्टीवर घरी यायचा, नाहीतर तार यायची.

पण लढाईचा तिसराही एक निकाल असतो. माणूस परत येत नाही आणि तो गेला असं छातीठोकपणे कुणी सांगतही नाही. हवाई दलातले मराठी वैमानिक विजय वसंत तांबे यांच्या घराच्या वाट्याला हाच तिसरा निकाल आला.

लग्नाला जेमतेम दीड वर्ष

विजय तांबे हवाई दलाच्या ३२ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट लेफ्टनंट होते. त्यांच्या पत्नी दमयंती, माहेरच्या सुभेदार. त्या बॅडमिंटनमधलं मोठं नाव. महिला एकेरीत त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला होता. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. एक आकाशात, एक कोर्टवर, असा नवा संसार सुरू झाला.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारताचे हवाई तळ गाठले आणि युद्धाला तोंड फुटलं. त्याच रात्रीपासून भारतानं उलट हल्ले चढवले. तांबेंच्या स्क्वाड्रनकडं सुखोई-७ विमानं होती. एक इंजिन, एकच वैमानिक आणि काम जमिनीवरच्या लक्ष्यावर खाली येऊन मारा करायचं. शत्रूच्या धावपट्टीवर असा हल्ला करायचा म्हणजे त्या तळाभोवती लावलेल्या विमानविरोधी तोफांच्या तोंडात शिरायचं.

भारतीय नोंदीनुसार ५ डिसेंबरला पाकिस्तानातल्या शोरकोट रोड तळावरच्या हल्ल्यात तांबेंचं विमान पडलं.

पायदळातला जवान पडला तर शेजारचा साथीदार बघतो. वैमानिक मात्र शत्रूच्या मुलखात, एकटाच पडतो. त्यानं पॅराशूटनं उडी मारली का, खाली उतरला का, कुणाच्या हाती लागला का, हे सांगणारा आपला माणूस तिथं नसतो. १९७१ च्या बेपत्तांमध्ये वैमानिकांची संख्या एवढी मोठी का, याचं एक कारण हे आहे.

एका स्पेलिंगवर टिकलेली आशा

लढाई सुरू असतानाच तेव्हाच्या पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी छापून आली. त्यात एक नाव होतं, फ्लाइट लेफ्टनंट 'टॉम्बे'. या आडनावाचा दुसरा वैमानिक भारताच्या हवाई दलातून बेपत्ता नव्हता. घरच्यांनी याचा अर्थ सरळ लावला, विजय जिवंत आहेत आणि कैदेत आहेत.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. भारताच्या हाती सुमारे ९३ हजार लोक आले. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवरून ६०० हून जास्त भारतीय युद्धकैदी मायदेशी आले.

त्यांच्यात विजय तांबे नव्हते.

त्याच दिवशी परत आलेला दुसरा मराठी वैमानिक

दिलीप परुळकर यांनीही १९७१ मध्ये सुखोई-७ च उडवलं. १० डिसेंबरला त्यांचं विमान पडलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोहोचले. तिथं डझनभर भारतीय वैमानिक होते. परुळकरांनी मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांना सोबत घेऊन कोठडीची भिंत पोखरली. १३ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्रीनंतर तिघे बाहेर पडले, बसनं पेशावरला गेले आणि अफगाण सीमेच्या जवळ पोहोचले. लंडी खाना या रेल्वे स्टेशनची चौकशी केली आणि तिथंच फसले. ते स्टेशन कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं.

तिघे पुन्हा पकडले गेले. पण त्यांचं नाव कैदी म्हणून नोंदलेलं होतं. जिनिव्हा कराराप्रमाणे पळताना सापडलेल्या युद्धकैद्याला शिस्तभंगाची शिक्षा देता येते, गायब करता येत नाही. १ डिसेंबरला इतरांसोबत तेही घरी आले.

विमान तेच, युद्ध तेच. फरक पडला तो कागदावरच्या नोंदीचा.

नोंद एवढी महत्त्वाची का?

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार पकडलेला सैनिक छावणीत पोहोचला की आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड पाठवू द्यायचं असतं. त्याची माहिती रेडक्रॉसमार्फत त्याच्या देशाला कळवायची असते. लढाई थांबली की विनाविलंब सोडायचंही असतं. पण या साखळीची पहिली कडी पकडणाऱ्या देशाच्या हातात असते. त्यानं नावच कळवलं नाही तर पुढची सगळी यंत्रणा अडकून पडते.

१९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचं समजल्या जाणाऱ्या ४० जणांची यादी दिली. पुढं हा आकडा ५४ झाला. 'मिसिंग ५४' म्हणतात ते हेच.

हे सगळेच्या सगळे जिवंत पकडले गेले होते, असं सिद्ध झालेलं नाही. पण काही धागे असे आहेत की सहज तोडता येत नाहीत. मेजर ए. के. घोष यांचा गजाआडचा फोटो डिसेंबर १९७१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकात आला होता. मेजर अशोक सुरी यांच्या घरी १९७४ मध्ये पाकिस्तानातून त्यांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आली. तांबे नावाचा भारतीय कैदी आपल्यासोबत तुरुंगात होता, असं एका बांगलादेशी नौदल अधिकाऱ्यानंही सांगितलं होतं.

पाकिस्तानचं उत्तर मात्र बदललं नाही. आमच्याकडं एकही भारतीय युद्धकैदी नाही.

१९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. २००७ मध्ये १४ नातेवाइकांना पाकिस्तानातले दहा तुरुंग दाखवण्यात आले. त्यात दमयंती तांबेही होत्या. आपला माणूस कुणालाच सापडला नाही.

दमयंतीताईंनी पुन्हा लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी क्रीडा विभागात नोकरी केली, विद्यार्थ्यांना मैदानावर आणलं आणि दुसरीकडं मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. आपल्याकडच्या कायद्यानं सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मृत धरता येतो. कागदाला सात वर्षं पुरतात, पण घराला पुरत नाहीत. शोध थांबवायचा म्हणजे एका अर्थानं आपणच त्याला मृत ठरवायचं.

२०१९ आणि १९७१

२७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती लागले. थोड्याच वेळात त्यांचे व्हिडिओ जगभरच्या मोबाइलवर फिरले. १ मार्चच्या रात्री ते वाघ्यावरून परतले. वाटाघाटी झाल्या, दबाव आला, हे सगळं खरंच. पण एक गोष्ट आधीच घडून गेली होती. 'हा माणूस आमच्याकडं नाही' असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

विजय तांबेंच्या वेळी व्हिडिओ नव्हता. होतं ते वर्तमानपत्राच्या कागदावरचं, स्पेलिंग चुकलेलं एक आडनाव. त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. तो 'टॉम्बे' कोण होता आणि त्याचं पुढं काय झालं, याचं उत्तर पाकिस्ताननं आजवर दिलेलं नाही.