राखीव दलातून पूर्णवेळ सैन्यात: शिक्षणाचे लाभ नेमके कधी लागू होतात?

वाशिम–रिसोड रस्त्यावर किंवा मंगरूळपीर, कारंजाकडे पहाटे निघालं की रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं दिसतात. त्यात आपल्या वस्तीतलीही असतात. संध्याकाळी विहारात हीच मुलं आम्हाला विचारतात: टेरिटोरियलमध्ये लागलो तर पुढे पोरांना शिष्यवृत्ती मिळते का? अग्निवीरची चार वर्षं झाली की कॉलेज फुकट का? ऐकीव माहितीवर आयुष्याचे निर्णय होऊ नयेत, म्हणून जे नियमात आहे ते इथे एकत्र मांडत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. मोबाईलवर फिरणारे बरेच व्हिडिओ अमेरिकेच्या ‘जीआय बिल’बद्दलचे असतात. तिथे राखीव दलातला माणूस पूर्णवेळ सेवेवर बोलावला गेला की त्या सेवेचे दिवस त्याच्या शिक्षणाच्या खात्यात जमा होतात. किमान ९० दिवसांपासून काही टक्के लाभ सुरू होतो आणि ३६ महिन्यांना तो पूर्ण होतो. असा कायदा भारतात नाही. आपल्याकडचे बहुतेक शैक्षणिक लाभ एका शब्दावर अवलंबून आहेत, तो म्हणजे ‘माजी सैनिक’. वर्दी घातलेला प्रत्येक जण निवृत्तीनंतर या व्याख्येत बसत नाही. सगळी गोम इथेच आहे.

आपल्याकडचं राखीव दल म्हणजे टेरिटोरियल आर्मी, प्रादेशिक सेना. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली. नोकरी-धंदा सांभाळून वर्षातून ठरावीक काळ प्रशिक्षण आणि गरज पडली की पूर्णवेळ सेवा, असं तिचं स्वरूप. या पूर्णवेळ बोलावण्याला ‘एम्बॉडिमेंट’ म्हणतात. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियन तैनात करण्याची तरतूद केली. म्हणजे राखीवमधून पूर्णवेळ सेवेत जाणं ही कागदावरची गोष्ट राहिलेली नाही. महार रेजिमेंटशी जोडलेल्या प्रादेशिक बटालियनही आहेत. छत्रपती संभाजीनगरची १३६ इको बटालियन ही त्यातलीच, पण तिथे मुख्यतः माजी सैनिकांना घेतात हे नव्या मुलांनी लक्षात ठेवावं.

एम्बॉडी असताना वेतन नियमित जवानासारखं मिळतं. घरी परतल्यावर मात्र ‘माजी सैनिक’ कोण, याचं उत्तर वेगळं आहे. केंद्राच्या व्याख्येनुसार प्रादेशिक सेनेतले तीनच प्रकार त्यात येतात: एम्बॉडी सेवेवर पेन्शन मिळालेले, सैनिकी सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक विजेते. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची प्रत्यक्ष एम्बॉडी सेवा लागते. ती सलग नसली तरी तुकडे जोडले जातात. घरी बसलेला काळ मात्र त्यात धरत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी सेवेवर गेल्याची व परत आल्याची तारीख सेवापुस्तकात चढली की नाही, हे स्वतः पाहावं. कोणी बारा वर्षं भरून सोडून आला, तर त्याच्या मुलाचा अर्ज अडतो आणि तेव्हा काही करता येत नाही.

आता अग्निवीर. जून २०२२ मध्ये आलेल्या या योजनेत चार वर्षांची सेवा आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतात. उरलेल्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हा दर्जा नसणं सगळ्यात महाग पडतं, कारण पुढच्या पिढीच्या शिक्षणाची दारं त्यानेच उघडतात.

ती दारं कोणती? पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना ही मोठी. केंद्रीय सैनिक बोर्ड दरवर्षी ५,५०० जणांना ती देतं. मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००. पहिलाच व्यावसायिक अभ्यासक्रम हवा आणि आधीच्या पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण हवेत. दुसरी आहे हवालदार व त्याखालच्या पदांवरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांसाठी, पहिलीपासून पदवीपर्यंत. ती महिना १,००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासून २,००० झाली. तिसरं म्हणजे महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांतला संरक्षण कोटा. माजी सैनिकांची मुलं डीईएफ–१ मध्ये, सेवेत असलेल्या महाराष्ट्रातल्या जवानांची मुलं डीईएफ–२ मध्ये. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीसोबत सैनिकी शिष्यवृत्ती घ्यायची असेल, तर अर्जाआधी अटी वाचा. दोन्हीकडून पैसे उचलले आणि नंतर वसुली लागली, असं होऊ देऊ नका.

नियमित सेवेत निवड झालेल्या अग्निवीराला पुढे किमान १५ वर्षं सेवा करायची असते आणि तो या सगळ्याच्या कक्षेत येतो. पण एक गोष्ट भरतीच्या जाहिरातीत ठळक दिसत नाही. चार वर्षांत त्याच्या पगारातून ३० टक्के कापून सुमारे ५.०२ लाख जमा होतात आणि तेवढेच सरकार घालतं. बाहेर पडणाऱ्याला दोन्ही मिळून, व्याजासह, सुमारे ११.७१ लाख मिळतात. कायम झालेल्याला मात्र फक्त स्वतःचा वाटा व त्यावरचं व्याज मिळतं. घरच्यांनी ११ लाखांवर बहिणीच्या कॉलेजचा हिशोब मांडला असेल, तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

स्वतःच्या शिक्षणाचं काय? जुन्या पद्धतीत दहावी पास जवान १५ वर्षं सेवा करून आला की गट ‘क’च्या पदांसाठी त्याला पदवीधरासमान धरत. अग्निवीराला तो मार्ग नाही. त्याऐवजी दोन सोयी आहेत. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचं प्रमाणपत्र मिळवता येतं आणि इग्नूची तीन वर्षांची पदवी करता येते. तिचे निम्मे श्रेयांक सैनिकी प्रशिक्षणाचे धरतात. उरलेले निम्मे अभ्यास करून, परीक्षा देऊनच मिळवावे लागतात. नाव नोंदवलं म्हणजे पदवी आली असं समजणारे बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आपल्या समाजाला हा विषय परका नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैनिकी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. त्या काळी पलटणीत मुलामुलींचं शिक्षण सक्तीचं होतं आणि गावची शाळा दाराबाहेर बसवत असताना छावणीत आपली माणसं अक्षर शिकली. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर ती शाळाही गेली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. म्हणून अल्पकाळाच्या सेवेत मुलांच्या शिक्षणाचा हक्क गळतो, तेव्हा तो आमच्या दृष्टीने किरकोळ तपशील नसतो. अग्निवीरांनाही शिक्षणापुरता माजी सैनिकाचा दर्जा द्यावा, ही मागणी संघटनांनी लावून धरायला हवी.

कागदांबाबत थोडं. वाशिम जिल्हा लष्कराच्या नागपूर भरती कार्यालयाखाली येतो. जातीच्या दाखल्यात धर्माचा उल्लेख नसेल तर भरतीत वेगळं धर्म प्रमाणपत्र मागतात. आपल्याकडे टीसीवर नुसतं ‘बौद्ध’ आणि वडिलांच्या दाखल्यावर ‘महार’ असा घोळ नेहमीचा. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, तेव्हा केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवा. सेवेत लग्न झालं, मूल झालं की युनिटमध्ये ‘पार्ट टू ऑर्डर’ करून नाव नोंदवा. त्या नोंदीतलं मुलाचं नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळली नाही, तर शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच थांबतो. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे. निवृत्तीनंतर तिथून दुरुस्ती करून आणायला महिने लागू शकतात. डिस्चार्ज बुक व पेन्शनचा आदेश घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरला तरी पडताळणी याच कार्यालयातून होते.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. आपल्या गावातला कोणी त्यात असेल, तर बारावीचं प्रमाणपत्र हातात आलं का आणि इग्नूचे किती पेपर राहिलेत, हे त्याला आजच फोन करून विचारा.