दूरदेशी कामाला गेलेली पंडिता

आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी लेकी कामानिमित्त परदेशी जातात. कोणी बैठकीसाठी, कोणी प्रशिक्षणासाठी, कोणी करारमदारासाठी. निघताना घरातील वडीलधारी माणसे काळजीने विचारतात, "तिथे काय नेसशील? काय खाशील? परक्या माणसांत कशी वागशील?" हे प्रश्न नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात पंडिता रमाबाईंपुढे ते याहून कठोर रूपात उभे राहिले होते.

रमाबाई १८८३ साली आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चाची तजवीज त्यांनी स्वतःच्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून केली होती. वैद्यकी शिकावी असा मानस होता. पण ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू लागल्या व संस्कृत शिकवू लागल्या.

बाप्तिस्म्यानंतर त्या सर्वस्वी इंग्रजी वळणाच्या होतील, अशी यजमानांची अपेक्षा होती. रमाबाईंनी मात्र शाकाहार सोडला नाही. कित्येकांना त्यात जातीचा अभिमान दिसला. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे, अशी सूचना निघताच लाहोर व मुंबई येथील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातील लोकांना ते रुचणार नाही, हे त्यांचे म्हणणे. वास्तविक मायदेशी रमाबाईंनी पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली होती आणि १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे साक्षही दिली होती. आपल्या देशाच्या नावाने परक्यांनी आपल्यावर घातलेले हे बंधन त्यांना मान्य नव्हते, आणि ते त्यांनी पत्रांतून स्पष्टपणे कळवले.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. काही काळासाठी म्हणून झालेला हा प्रवास अडीच वर्षांहून अधिक लांबला. उच्चवर्णीय विधवांसाठी निवासी शाळा काढायची व तिच्यासाठी निधी उभारायचा, हे काम त्यांनी हाती घेतले. तो व्यापार नव्हता. पण त्यातील व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्याच्या तोडीचा होता. १८८७ साली त्यांनी हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि हजारो प्रती खपवल्या. गावोगावी व्याख्याने दिली, बालवाडीची शिक्षणपद्धती शिकून घेतली. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाले आणि शाळेला दहा वर्षे साह्य करण्याचे वचन मिळाले. शाळेत कोणावरही धर्मशिक्षणाची सक्ती नसावी, हे त्या योजनेतच ठरले होते.

सभागृहांतील श्रोत्यांना पांढऱ्या साडीतील हिंदी विधवेचे कुतूहल होते. त्यांची करुणा जागवल्याशिवाय निधी मिळणार नव्हता, आणि स्वदेशाची केवळ निंदा करून मिळवलेला निधी स्वाभिमानास रुचणारा नव्हता. ही तारेवरची कसरत होती. अमेरिकेतील स्त्रियांच्या संघटनशक्तीचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण तेथील वंशद्वेषाकडे डोळेझाक केली नाही. परतल्यावर १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी प्रवासवृत्तात त्यांनी या दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवल्या. यजमानांचे मीठ खाल्ले म्हणून त्यांच्या दोषांविषयी मौन पाळले नाही.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली. दौऱ्याच्या दगदगीत चिमुकल्या मनोरमेला जवळ ठेवणे अशक्य झाले आणि तिला इंग्लंडला परत पाठवावे लागले. आईच्या काळजावर काय गुजरले असेल, याची कल्पना आपल्या घराघरांतील माता करू शकतील.

जपानमार्गे मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढे ते पुण्यास हलले. तेथे मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, या आरोपावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले. बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. परदेशी ज्या बाई 'फारच हिंदू' वाटल्या, त्याच स्वदेशी 'फारच ख्रिस्ती' ठरल्या! तरीही दहा वर्षांची मुदत संपताच १८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, कामाची हकीकत त्यांनी देणगीदारांपुढे ठेवली आणि साह्य पुढे चालू राहिले.

भाषा, सभेचे शिष्टाचार, हिशेबाची शिस्त हे सारे रमाबाईंनी परक्यांकडून आनंदाने घेतले. ताटातील अन्न, अंगावरील साडी आणि मनाचा कौल यांबाबत मात्र निर्णय स्वतःकडे ठेवला. काय स्वीकारायचे व काय राखायचे, हे जिचे तिने ठरवावे लागते. आपली लेक उद्या बॅग भरू लागली, तर तिला केवळ सूचना देऊ नयेत. तिच्या निर्णयशक्तीवर विश्वास ठेवावा. आणि ती परतल्यावर थोडी वेगळी भासली, तर तिला परकी म्हणू नये.