ऐकू न आलेले जॅझ : हरवलेल्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास

एखादे अज्ञात हस्तलिखित हाती आले की वाङ्मयेतिहासकारापुढे दोन प्रश्न उभे राहतात : हे कोणाचे, आणि हे आजवर कोठे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या मुख्य संहितेत जाते. दुसऱ्याची बोळवण बहुधा तळटीपेत होते. जॅझसंगीताच्या बाबतीत मात्र हा दुसरा प्रश्नच अधिक बोलका आहे, असे आमचे मत आहे. कोणते ध्वनिमुद्रण झाले, कोणते झाले नाही, झालेले कोणी जपले आणि कोणी जळू दिले, ह्यांचा विचार केल्याशिवाय जॅझचा इतिहास वाचता येत नाही.

ह्याचे कारण त्या कलेच्या स्वरूपात आहे. जॅझचे मर्म उत्स्फूर्त वादनात आहे. स्वरलिपीत धून उतरते. पण वादकाने त्या धुनेचे त्या रात्री काय केले, ते उतरत नाही. म्हणून ह्या संगीताची संहिता म्हणजे ध्वनिमुद्रिका. आणि ही संहिता प्रथमपासून अपुरी, पक्षपाती आणि योगायोगाने घडलेली आहे. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जी ओळखली जाते ती १९१७ साली ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ ह्या गोऱ्या वादकांच्या संचाने व्हिक्टर कंपनीसाठी केली. न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय वादक ज्याला आपला आद्य पुरुष मानत, तो कॉर्नेटवादक बडी बोल्डन तेव्हा दहा वर्षांपासून लुइझियानाच्या मनोरुग्णालयात होता. तो १९३१ साली तेथेच वारला. त्याच्या संचातील विली कॉर्निश सांगत असे, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मेणाच्या नळीवर एक ध्वनिमुद्रण केले होते. पुढे कित्येकांनी ती नळी शोधली. ती सापडली नाही. जॅझच्या इतिहासाचे पहिले पान हे असे कोरे आहे, आणि त्या कोऱ्या पानावर आठवणी आणि आख्यायिका लिहिल्या गेल्या आहेत.

बोल्डनच्या बाबतीत यंत्र दुर्मीळ होते, असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. पण १९४२ साली यंत्रे होती, कंपन्या होत्या, गिऱ्हाईकही होते. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओवर आणि हॉटेलांत तबकड्या वाजू लागल्याने प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचे काम जाते, त्याचा मोबदला मिळावा, ही मागणी रास्तच होती. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली. व्हिक्टर आणि कोलंबियाने १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत दाद दिली नाही. नेमक्या ह्याच काळात जॅझची भाषा बदलत होती. १९४३ साली अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र वाजवत होते. त्या वृंदाचे त्या काळातील एकही व्यावसायिक ध्वनिमुद्रण नाही. त्यामुळे पुढे १९४५ च्या तबकड्या ऐकणाऱ्याला बीबॉप ही शैली एकाएकी अवतरल्यासारखी वाटते. तिचे शिकणे, चाचपडणे, चुकणे आपल्या कानांआड घडले. ‘क्रांती’ हा शब्द इतिहासकार येथे सहज वापरतात. आम्हांला त्या शब्दामागे पुराव्यातील एक फट दिसते.

ही फट जेथे थोडी बुजली आहे तेथे ती हौशी माणसांनी बुजवली आहे. कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी जेरी न्यूमन १९४१ साली आपले तबकडी कोरण्याचे यंत्र घेऊन हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउसमध्ये बसत असे. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९४२ च्या मार्चमध्ये पंचविसाव्या वर्षी गेला; वेळेचे बंधन नसताना तो कसा वाजवत असे, हे आपल्याला न्यूमनमुळे कळते. वेळेचे बंधन हा येथे किरकोळ मुद्दा नव्हे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. ज्या वादकाला रोज रात्री दहा-दहा मिनिटे विस्तार करण्याची सवय होती, त्याला तबकडीसाठी आपले म्हणणे अर्ध्या मिनिटात आटोपावे लागे. कादंबरीकाराच्या केवळ लघुकथाच शिल्लक राहाव्यात, तसे हे आहे.

बिल सॅव्हरी ह्या ध्वनितंत्रज्ञाचा संग्रह ह्याच कारणासाठी मोलाचा ठरला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने न्यूयॉर्कमध्ये रेडिओवरील थेट प्रक्षेपणे मोठ्या आकाराच्या तबकड्यांवर उतरवून घेतली, आणि सुमारे हजार तबकड्यांचा हा साठा आयुष्यभर स्वतःजवळ ठेवला. जाणकारांना त्याची कुणकुण होती. ऐकायला मात्र फारसे कोणाला मिळाले नाही. सॅव्हरी २००४ साली वारला. २०१० मध्ये त्याच्या मुलाकडून तो साठा हार्लेममधील राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाकडे आला. तोपर्यंत काही तबकड्यांचा लेप सुटला होता, काहींवर बुरशी चढली होती. जे वाचले त्यांत काउंट बेसीच्या वृंदातील टेनर सॅक्सोफोनवादक हर्शेल एव्हन्स आहे. एव्हन्स १९३९ च्या फेब्रुवारीत, तिशी गाठण्यापूर्वीच गेला; आणि शेजारच्या खुर्चीत लेस्टर यंग बसलेला असल्यामुळे इतिहासात तो बहुधा ‘दुसरा टेनर’ म्हणूनच राहिला. सॅव्हरीच्या तबकड्यांत त्याला अधिक अवकाश मिळतो, आणि त्या दोघांमधले नाते सवालजबाबाचे होते हे कळते. यंगचे थोरपण त्याने उणावत नाही. ते कोणाच्या सोबतीने घडले, हे मात्र दिसू लागते.

हौशी संग्राहकाच्या खोलीतही जे पोहोचले नाही, त्याचा विचार येथे करायला हवा. मिसिसिपीतील पायनी वुड्स ह्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत १९३० च्या दशकात ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ हा मुलींचा वाद्यवृंद उभा राहिला. पुढे तो शाळेपासून स्वतंत्र झाला आणि देशभर फिरला. त्यात निरनिराळ्या वंशांच्या स्त्रिया होत्या. दक्षिणेतील वर्णभेदी कायद्यांमुळे गोऱ्या वादिकांना चेहऱ्याला गडद रंग लावून मंचावर बसावे लागे. कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या नाट्यगृहांत ह्या वृंदाला गर्दी लोटत असे. १९४५ साली तो युरोपात सैनिकांसाठी वाजवून आला. पण तबकडी-कंपन्यांनी त्याच्या वाट्याला फारच थोडे काही दिले. आज व्हाय बर्नसाइडचा भरदार टेनर सॅक्सोफोन आपण ऐकू शकतो तो मुख्यतः ‘ज्युबिली’ ह्या, कृष्णवर्णीय सैनिकांसाठी असलेल्या लष्करी रेडिओ-कार्यक्रमाच्या तबकड्यांमुळे. त्या सैन्याच्या कामासाठी केल्या होत्या. कलेच्या इतिहासाची काळजी त्यांच्यामागे नव्हती. स्त्रियांच्या संगीतासाठीच रोझेटा राइट्झ हिने काढलेल्या रोझेटा रेकॉर्ड्स ह्या छोट्या कंपनीने १९८४ साली त्यांतील निवडक भाग प्रसिद्ध केला, तेव्हा वृंद मोडून पस्तीस वर्षे झाली होती. ‘स्त्रिया जॅझमध्ये गात असत, वाजवत नसत’ हे विधान तोवर अनेक पुस्तकांत सुखाने नांदत होते.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिण्यास घेतला, त्या हसान इब्न अलीकडे वळू. तो १९३१ साली फिलाडेल्फियात जन्मला. पियानोवादक एल्मो होपचा त्याच्यावर प्रभाव होता. १९५० च्या दशकात जॉन कोल्ट्रेन त्याच शहरात राहत असे; दोघे एकत्र सराव करीत, आणि कोल्ट्रेनच्या वादनातील स्वरांचे सलग लोट, ज्यांना समीक्षक आयरा गिटलर ह्याने १९५८ मध्ये ‘ध्वनीच्या चादरी’ असे नाव दिले, त्यांच्या मुळाशी हसानचे विचार होते, असे तेथील सहकारी सांगत आले. ह्या सांगण्याची परीक्षा करायची कशी? १९६४ च्या डिसेंबरात मॅक्स रोच ह्या थोर ड्रमवादकाने हसानला अटलांटिक कंपनीच्या स्टुडिओत नेले आणि पुढील वर्षी एक तबकडी प्रसिद्ध झाली. तिच्यावरील साऱ्या रचना हसानच्या. तिच्या नावात त्याला ‘विख्यात’ असे विशेषण लावलेले होते. त्याच्या शहराबाहेर त्याला जवळजवळ कोणीच ऐकलेले नव्हते, ही त्या विशेषणातील गंमत.

१९६५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अटलांटिकनेच त्याच्या नावाने दुसरे ध्वनिमुद्रण केले. सॅक्सोफोनवर तरुण ओडीन पोप, बासवर आर्ट डेव्हिस, ड्रमवर कलील मादी. त्यानंतर हसानला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि कंपनीने ते बासनात गुंडाळले. १९७८ साली न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथे अटलांटिकच्या गोदामाला आग लागली. हजारो टेपांबरोबर ह्या टेपाही गेल्या. हसान १९८० साली वारला. त्याच्या हयातीत त्याची एकच तबकडी निघाली, आणि तिच्यावर ठळक नाव मॅक्स रोचचे होते.

आग लागली हे खरे. पण ती लागण्याआधी तेरा वर्षे त्या टेपा प्रसिद्ध झाल्या नव्हत्या. ‘हरवले’ ह्या क्रियापदाला कर्ता लागत नाही, म्हणून ते सोयीचे असते. येथे मात्र कर्ता आहे : प्रसिद्ध न करण्याचा निर्णय आगीने घेतलेला नव्हता.

पुढे त्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत कंपनीच्याच संग्रहात शिल्लक असल्याचे आढळले, आणि २०२१ साली ते ‘मेटाफिजिक्स’ ह्या नावाने ऑम्निव्होर कंपनीतर्फे बाहेर आले. ध्वनी स्वच्छ नाही. प्रतीची खरखर जाणवते. पण पहिल्याच रचनेपासून लक्षात येते की हा पियानो साथ करीत नाही, तो सॅक्सोफोनशी वाद घालतो. उजवा हात स्वरांचे पुंजके भराभर सोडत जातो, डावा हात मध्येच तोल मोडणारे स्वरमेळ टाकतो, आणि ताल आता सुटतो की काय असे वाटेपर्यंत ताणून पुन्हा जाग्यावर येतो. कोल्ट्रेनविषयी त्या सहकाऱ्यांचे सांगणे एवढ्याने सिद्ध होत नाही; कोल्ट्रेनच्या आधीच्या वर्षांतला हसान आपल्याला ह्यातही मिळत नाही. पण ते सांगणे आता निव्वळ शहरी दंतकथा म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याच वर्षी त्याचे एकट्याचे पियानोवादनही प्रसिद्ध झाले. ते १९६२ ते १९६५ ह्या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विद्यार्थी मित्रांनी टेपवर घेतले होते आणि अर्धे शतक सांभाळले होते. कंपनीच्या गोदामापेक्षा विद्यार्थ्याचे कपाट अधिक विश्वासार्ह ठरले.

ह्या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. ज्या तबकड्यांवर आरंभीचे जॅझ जगभर गेले त्यांचे बंधकद्रव्य लाख होते, आणि लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जात असे. ते संगीतही येथे आले. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला; पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला आणि १९३६ मध्ये त्याच्या संचाची ध्वनिमुद्रणे मुंबईत झाली. त्यांच्याकडून शिकलेल्या गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. आल्दोन्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’, हा तिचा अग्रणी. मराठी वाचकाने त्याला न कळत ऐकलेले असते : सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर ह्यांच्या संगीताला जी ट्रम्पेटची झळाळी आहे तिच्यात त्याचा वाटा आहे, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो संचासह पडद्यावरही दिसतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र अशा वादकांना क्वचितच स्थान मिळे. चिक १९६७ साली गेला. नरेश फर्नांडिस ह्यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ह्या पुस्तकात ह्या वादकांचा इतिहास जमवला तो प्रामुख्याने कुटुंबीयांच्या आठवणी, छायाचित्रे आणि जुन्या तबकड्या ह्यांच्या आधाराने. ही ध्वनिमुद्रणे जळाली नव्हती, दडवलीही नव्हती. ती चित्रपटगीतांच्या आत होती. त्यांना ‘जॅझ’ म्हणून ऐकणारा कान नव्हता.

महानुभावांचे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्या उलगडल्या आणि मराठी वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रकरण पुन्हा लिहावे लागले, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण ते ग्रंथ शतकानुशतके टिकले ते पंथाने पूज्य मानून जपले म्हणून. जॅझच्या तबकड्यांचे मालक बहुधा ते संगीत निर्माण करणारे नव्हते. ज्याच्या मालकीचे होते त्याला जपण्याची गरज वाटली नाही, आणि ज्याला गरज वाटली असती त्याच्या मालकीचे ते नव्हते. दोन्ही इतिहासांतील खरा फरक हा आहे.

म्हणून ‘गवसलेला ठेवा’ अशी जाहिरात करून येणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे स्वागत करताना आम्ही थोडे सावध असतो. सापडलेले सारेच श्रेष्ठ नसते, आणि दुर्मीळतेचे मोल कलेच्या मोलात मिसळून विकणे सोपे असते. शिवाय कोणते वादन ठेवावे, कोणते टाकावे, हे सांगायला हसान नव्हता. त्याच्या वतीने ते इतरांनी ठरवले. हस्तलिखितांचे संपादन करणाऱ्यांना हा पेच परिचित आहे, आणि त्यांनी त्यावर शोधलेला उपाय येथेही लागू पडतो : काय सापडले ह्याबरोबरच ते कोणत्या स्थितीत, कोणाकडून आणि कोणत्या प्रतीवरून आले, हे वाचकापुढे ठेवणे.

वर्गात एखाद्या कलेचा इतिहास शिकवताना त्यातील नावांच्या यादीबरोबर त्या यादीची साधनसामग्रीही शिकवावी, इतकेच आमचे म्हणणे आहे. लेस्टर यंग थोर होता. हर्शेल एव्हन्स किती होता, हे ठरवण्याजोगा पुरावा आपल्याजवळ सत्तर वर्षे पुरेसा नव्हता. ही दोन विधाने एका जातीची नाहीत. आपली बहुतेक इतिहासपुस्तके ती एकाच ओळीत, एकाच सुरात लिहितात.